क्रूझवर रात्रीच्या जेवणाची वेळ आधीच धरून ठेवावी का?

सागरवेळा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटासाच, पण घरात त्यावरून दोन तट पडलेत, म्हणून सरळ धागाच काढते.

डिसेंबरात, नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आधी, आम्ही नऊ जण सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर जातोय. सिंगापूर, पेनांग, फुकेत, मग एक दिवस नुसता समुद्र आणि परत सिंगापूर. निमित्त सासऱ्यांची पंचाहत्तरी. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं (११ आणि ७), दीर-जाऊ आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा. केबिन चार. दोन आम्ही इथल्या एजंटकडून घेतल्या, दोन दिरांनी पुण्यातून ऑनलाइन घेतल्या.

आता कंपनी विचारतेय, मुख्य डायनिंग हॉलमध्ये जेवायची कोणती पद्धत हवी. एक, रोज पावणेसहा. दोन, रोज आठ. तीन, लवचिक, म्हणजे मनाला येईल तेव्हा जा. लवचिक घेतलं तरी त्यात पुन्हा दोन वाटा: प्रत्येक रात्रीची वेळ आत्ताच अ‍ॅपवर धरून ठेवा, नाहीतर आयत्या वेळी जाऊन उभे राहा.

दीर म्हणतात, "सुट्टीवर चाललोय, तिथेही घंटा वाजली की डबा उघडायचा का?" आमचे हे म्हणतात, "नऊ डोक्यांना आयत्या वेळी टेबल कोण देणार आहे?" बाबांना मधुमेह आहे आणि घरी त्यांचं पान साडेसातला वाढलेलं असतं. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही, आणि भरीस भर म्हणजे तिसऱ्या रात्री, फुकेतच्या दिवशीच, संकष्टी आहे. जाऊबाईंकडे माशाशिवाय जेवण मोजत नाहीत. मुलांना रात्रीचे शो बघायचेत.

आधी जाऊन आलेल्यांनी सांगा. वेळा धरू, की जाऊ दे?

काजूगर

वाचनखूण साठवली आहे. आमच्याकडेही पुढच्या वर्षीसाठी चर्चा चालू आहे, पण ती अजून पासपोर्टवरच अडली आहे.

मालवणी_खडप

ता सगळा ऱ्हवांदे. बोटीर बांगड्याचा तिखला गावता काय ता पयला इचारा. नायतर सा काय नि आठ काय, माझा पोट भरना नाय.

हर्णैकर_भाऊ

ताई, आधी कंपनी कोणती ते बघा, कारण लवचिक या शब्दाखाली प्रत्येकाने वेगळंच काहीतरी घातलंय. नॉर्वेजियनने २००० साली 'फ्रीस्टाइल' काढलं, त्यात ठरलेली वेळ हा प्रकारच नाही. रॉयल कॅरिबियनच्या 'माय टाइम डायनिंग'मध्ये घरबसल्या प्रत्येक रात्रीची वेळ धरता येते. कार्निव्हलच्या 'युअर टाइम'मध्ये आधी धरायची सोय नसते. भूक लागली की जहाजावर अ‍ॅपमधून नोंद करायची आणि टेबल तयार झालं की फोनवर निरोप येतो. त्यामुळे कुणी "आम्ही काहीच धरलं नव्हतं, मस्त जेवलो" म्हटलं तर आधी विचारा, कुठल्या जहाजावर.

तुमच्याकडे वेळ धरायचा पर्याय दिसतोय, म्हणजे धरणारे दुसरेही असणार. तिथे न धरणारा मागे पडतो.

नीरफणस

मी विरुद्ध बाजूने बोलतो. लवचिक घेऊच नका. आठची ठरलेली वेळ घ्या.

हे लवचिक प्रकरण दोन माणसांसाठी छान आहे. नवरा-बायको फिरत फिरत गेले, दोघांचं टेबल मिळालं, बसले. नऊ माणसांच्या कुटुंबात लवचिक म्हणजे रोज संध्याकाळी सहा वाजल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपवर "कुठे आहात", "आलोच", "बाबा झोपलेत", "मन्या पोहतोय". समुद्रात नेटचे पैसे वेगळे, म्हणजे तेही धड चालत नाही. ठरलेल्या वेळेला एक टेबल असतं, त्याला नंबर असतो, ज्याला यायचं तो येतो. उशीर झाला तर दुसऱ्या पदार्थापासून सुरू करतो.

शिवाय रोज तोच वेटर. दुसऱ्या रात्री त्याला माहीत असतं की आजोबांना साखरेशिवाय चहा आणि आजींच्या ताटात अंडं नको.

सागरवेळा

@नीरफणस, "मन्या पोहतोय" वाचून जाऊबाई म्हणाल्या, हे आपल्या घरात कॅमेरा लावून लिहिलंय.

पण आठ वाजता बसायचं म्हणजे पान पुढ्यात यायला सव्वाआठ-साडेआठ. बाबांचं काय?

अलिबागचा_अजित

बाबांचं पोट कुठल्या घड्याळावर चालतंय ते बघा ना! सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथले पावणेसहा म्हणजे रत्नागिरीत दुपारचे सव्वातीन. तिथले आठ म्हणजे आपल्याकडचे साडेपाच. चार रात्रींत शरीर पुरतं तिकडे वळतही नाही. पावणेसहाची वेळ घेतलीत तर वामकुक्षीतून उठून चार पदार्थांचं जेवण जेवायचं. मुलं बटाट्याच्या काड्या खातील आणि रात्री दहाला "आई, भूक" म्हणून बसतील.

उलट आम्ही उन्हाळ्यात बार्सिलोनाहून भूमध्य समुद्रात गेलो होतो. तिथे उन्हाळ्यात घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. आम्ही हौसेने उशिराची वेळ घेतली, साडेआठची. म्हणजे भारतात मध्यरात्र. माझी आई पहिल्या रात्री सूप यायच्या आधी पेंगायला लागली. तिकडे जाणाऱ्यांनी लवकरची वेळ घ्यावी, पूर्वेला जाणाऱ्यांनी उशिराची, असं माझं मत झालंय. कंपनीच्या माहितीपत्रकात हे कुणी लिहीत नाही, कारण ते काही अलिबागहून येणाऱ्यासाठी छापलेलं नसतं.

इन्सुलिन असेल तर मात्र वेळेचं डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. आणि त्यांना हेही सांगा की टेबलावर बसल्यापासून ताट पुढ्यात येईपर्यंत वेळ जातो. नुसतं "आठला जेवतो" एवढं सांगून भागत नाही.

गॅलीवाला

मी गुहागर तालुक्यातला. मोठ्या प्रवासी जहाजांवर डायनिंग हॉलमध्ये आधी असिस्टंट वेटर आणि मग वेटर म्हणून काम केलंय, आता जमिनीवर आहे. कंपनीचं नाव विचारू नका. आतून काय दिसतं ते सांगतो, थोडं लांबेल.

मोठ्या जहाजाचा डायनिंग हॉल दोन-तीन मजल्यांचा असतो. बऱ्याच ठिकाणी एखादा मजला ठरलेल्या वेळेवाल्यांचा आणि एखादा लवचिकवाल्यांचा. वेटर आणि असिस्टंट अशी जोडी असते, तिच्याकडे ठरावीक टेबलं, त्याला स्टेशन म्हणतात. ठरलेल्या वेळेच्या मजल्यावर गॅलीला, म्हणजे स्वयंपाकघराला, माहीत असतं की अमुक वाजता सगळे एकदम बसणार. सगळं त्या हिशेबाने तयार असतं. लवचिक मजल्यावर माणसं थेंबाथेंबाने येतील असं कागदावर असतं, प्रत्यक्षात साडेसहा ते पावणेआठ या वेळात सगळं जहाज येऊन उभं राहतं. सहाच्या आत आणि सव्वाआठनंतर तोच मजला मोकळा असतो.

आता आरक्षण. पुष्कळांना वाटतं की वेळ धरली म्हणजे आपल्या नावाचं टेबल पांढरी चादर घालून रिकामं ठेवलंय. तसं नसतं. दारात दोन रांगा असतात, वेळ धरलेल्यांची आणि न धरलेल्यांची. तुमची रांग पुढे सरकते, एवढाच फायदा. पाच-दहा मिनिटं तुम्हीही उभे राहाल. आणि पंधरा-वीस मिनिटं उशिरा आलात तर दुसऱ्या रांगेत जायची तयारी ठेवा.

पण नऊ जणांसाठी हा 'एवढाच' फायदा मोठा आहे. हॉलमध्ये सगळ्यात जास्त ओढाताण दोन प्रकारच्या टेबलांची: दोघांचं आणि आठ-दहाचं. चार-सहाची टेबलं भरपूर. न धरता सात वाजता नऊ जण दारात आलात तर हेड वेटर गोड हसून विचारेल, "चार आणि पाच करू का?" पंचाहत्तरी आहे आणि आजोबा एका टेबलावर, नातवंडं खांबापलीकडे. तेव्हा वेळ धरा.

दुसरं, आणि हे आजच करा. तुमची बुकिंगं दोन ठिकाणांहून झालीत. बुकिंग नंबर वेगळे असतील तर कंपनीच्या यंत्रणेला तुम्ही एक कुटुंब आहात हे माहीतच नाही. एजंटला आणि दिरांना सांगा, कंपनीला कळवून सगळे नंबर एकमेकांशी जोडून घ्या आणि चारही केबिनना जेवणाची एकच पद्धत लावा. दोघांची लवचिक आणि दोघांची आठची अशी झाली तर जहाजावर चढल्यावर सगळी पहिली दुपार त्यात जाईल.

तिसरं, आजींचं जेवण. भारतीय शाकाहारी, अंड्याविना, हे आधीच कळवा. पहिल्या रात्री हेड वेटरला भेटून पुन्हा तोंडाने सांगा. जहाजावर भारतीय आचारी आणि भारतीय वेटर असतातच, आणि आपल्या आजीबाई दिसल्या की त्यांनाही बरं वाटतं. चांगला हेड वेटर रात्रीच्या जेवणातच दुसऱ्या रात्रीचा मेनू आणून दाखवतो आणि काय हवं ते लिहून घेतो, म्हणजे गॅली ते वेगळं करून ठेवते. ही सोय ठरलेल्या टेबलावर आपोआप होते, इथे नीरफणस यांचं बरोबर आहे. लवचिकमध्ये रोज वेटर बदलू शकतो. त्यावर तोड म्हणजे रोज एकच वेळ धरायची आणि पहिल्या रात्री ज्याने वाढलं त्याचंच स्टेशन मागायचं. मिळेलच असं नाही, पण ठरावीक वेळेला येणाऱ्यांना बहुतेकदा देतात.

नीरफणस

म्हणजे लवचिक घ्यायचं आणि त्याला दोरीने बांधून ठरलेलं करायचं. मग आठचीच घ्या ना!

गॅलीवाला

फरक आहे. आठची घेतली आणि एका रात्री आठला जमलं नाही, तर त्या रात्रीपुरता हॉल गेला. हेड वेटर भला असेल तर कुठेतरी बसवेल, पण तो उपकार झाला. लवचिकमध्ये एका रात्रीची वेळ अ‍ॅपवर पुढे-मागे करता येते. शिवाय आठची वेळ मागणाऱ्यांची प्रतीक्षायादी असते. मागितली म्हणजे मिळाली असं नाही.

वेंगुर्ल्याची_आत्या

अवांतर लिहिते, रागावू नका. आमच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून 'कोंकण सेवक' नाहीतर 'कोंकण शक्ती'ने गावी यायचं. जेवायच्या वेळेचा प्रश्नच नव्हता. डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची, आणि ती एकदा धरली की उठायचं नाही, कारण उठलात की गेली. भाकरी, सुकी चटणी, उकडलेली अंडी. हर्णैच्या पुढे बोट डुलायला लागली की निम्म्या डेकची भूक आपोआप जायची. बंदरात बोट धक्क्याला लागायची नाही, पडाव यायचे आणि सामानासकट माणसं त्यात उतरायची. पावसाळ्यात तर बोट बंदच.

आता बोटीवर नऊ माणसांना एक टेबल मिळेल का याची काळजी! जा बाई, छान जाऊन या. आणि सासूबाईंना लिंबाचं लोणचं बंद पाकिटातलं दे बरोबर.

हर्णैकर_भाऊ

आत्या, तुमचं अवांतर कामाचं निघालं. फुकेतला अजूनही तेच आहे! बरीच मोठी जहाजं पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकतात आणि माणसं छोट्या बोटींनी ने-आण करतात. पडावच, फक्त छप्पर असलेले. संध्याकाळी सगळ्यांना एकदम परतायचं असतं, त्यामुळे किनाऱ्यावर मोठी रांग लागते. सागरवेळाताई, तुमचं जहाज तिथे धक्क्याला लागणार की नांगरणार ते आधी विचारा. नांगरणार असेल तर त्या रात्री लवकरची वेळ धरण्यात अर्थ नाही. परत येणार, आंघोळ करणार, वाळू झटकणार, मग जेवणार.

अलिबागचा_अजित

आणि फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. जहाज कधी आपलं घड्याळ बदलतं, कधी सिंगापूरचीच वेळ ठेवतं. आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात किंवा अ‍ॅपवर ते सांगतात. तुमचा मोबाइल मात्र किनाऱ्याचं नेटवर्क मिळालं की विचारत नाही, स्वतःच बदलतो. जहाज सिंगापूरच्या वेळेवर आणि मोबाइल फुकेतच्या, असं झालं की साडेसातचं टेबल तुम्हाला अजून तासाने आहे असं वाटणार. एकाच्या मनगटावर साधं घड्याळ असू द्या, जहाजाच्या वेळेला लावलेलं.

चौथमोदक

संकष्टीबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी.

आपल्याकडे किनाऱ्यावर चंद्र जमिनीकडून उगवतो. डोंगराआडून, माडांतून वर यायला त्याला वेळ लागतो, म्हणून पंचांगातली वेळ झाली तरी आजी मागच्या अंगणात मान वर करून उभी असते. जहाजावर पूर्वेला उघडा समुद्र आणि निरभ्र आकाश असेल तर अगदी वेळेवर दिसेल. पण वेळ कोणती? रत्नागिरीच्या कॅलेंडरवरची चालणार नाही. साधारण हिशेब असा की फुकेतच्या घड्याळाने नऊच्या आसपास, आणि जहाजाने सिंगापूरची वेळ ठेवली असेल तर दहाच्या आसपास. नेमकी वेळ पंचांगाच्या साइटवर गाव म्हणून फुकेत टाकून काढा आणि जहाजाचं घड्याळ कोणतं ते बघून जुळवा.

डायनिंग हॉल तोवर मिटायला आलेला असतो. म्हणजे त्या रात्री आईंसाठी कुठलीच वेळ धरून उपयोग नाही, ना पावणेसहाची ना आठची. उपास असेल तर त्या बाकीच्यांबरोबर बसून तरी काय करणार, सगळ्यांची ताटं बघत?

एक सूचना आवर्जून. निरांजन आणि उदबत्ती नेऊ नका. जहाजावर केबिनमध्ये ज्योत पेटवायला बंदी असते, आणि ती योग्यच आहे. हात जोडायला काही लागत नाही. नैवेद्याला राजगिऱ्याचे लाडू न्या, बंद पाकिटातले. घरचे डबे बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत.

सागरवेळा

@चौथमोदक, आईंना वाचून दाखवलं. "कोण आहे ही मुलगी, देव तिचं भलं करो" असं म्हणाल्या. (तुम्ही मुलगी नसाल तर आशीर्वाद तसाच ठेवा.)

@गॅलीवाला दादा, नऊ-दहानंतर आईंना गरम काही मिळेल का? आणि दिवसभर उपासाला काय?

गॅलीवाला

उपासाला बुफेत फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा, सुकामेवा. साबुदाणा विसरा. बटाटा लोण्यात परतलेला नाही ना, त्यात मिरी-लसूण नाही ना, ते विचारून घ्या. ही विनंती आदल्या रात्री हेड वेटरला केली तर साधा उकडलेला बटाटा वेगळा काढून ठेवतील.

रात्री उशिरा, बुफे उघडा असेल तर तिथे भारतीय काउंटरवर डाळ-भात असतो. त्या रात्री तो कितीपर्यंत उघडा आहे ते सकाळीच बघून ठेवा, रोजची वेळ एक नसते. खोलीवर मागवायची सोयही असते, पण त्या मेनूत शाकाहारी म्हणजे बहुतेकदा पिझ्झा आणि सँडविच, आणि काही कंपन्या त्याचा वेगळा आकार लावतात. मी असतो तर दुपारीच हेड वेटरला गाठून सांगितलं असतं की आज आजींचा उपास चंद्र बघून सुटणार आहे. माझ्या अनुभवात 'चंद्र बघून' म्हटलं की गॅलीतले लोक जास्तच मनावर घेतात. फिलिपिनो आचारी एकदा मला विचारायला आला होता, "मून कम?"

मालवणी_खडप

मून कम! 😄

आता माझ्या प्रश्नाचा जवाब कोण देतलो?

अलिबागचा_अजित

खडपकाका, घ्या. पेनांगमध्ये आसाम लाक्सा नावाची शेवयांची झणझणीत कढी मिळते. आसाम म्हणजे चिंच, आणि त्यातला मासा त्यांचा केंबुंग, म्हणजे आपला बांगडाच. तिरफळं नाहीत, पण आंबट-तिखट रस्सा आणि त्यात कुस्करलेला बांगडा आहे. जहाज जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम पिअरला लागतं, म्हणजे उतरलं की गावातच. जाऊबाईंना तिथेच घेऊन जा. आणि आईंसाठी चालत जाण्याएवढ्या अंतरावर लिटल इंडिया आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, भाज्या, सगळं शाकाहारी मिळतं. त्यामुळे जहाज रात्री उशिरा सुटणार असेल तर त्या दिवशी जहाजावर जेवायला परत यायचंच कशाला?

मालवणी_खडप

ह्या बरा सांगितलंस. आता माका पण जावक होया.

सागरवेळा

थांबा थांबा. हे सगळं कागदावर मांडून बघितलं तर असं होतंय:

पहिली रात्र, सिंगापूरहून निघाल्यावर. सगळे जहाजावरच. टेबल हवं.

दुसरी, पेनांग. जहाज रात्री उशिरा सुटतंय (आत्ताच वेळापत्रक उघडलं). लिटल इंडिया आणि बांगडा. टेबल नको.

तिसरी, फुकेत. पडाव, वाळू, संकष्टी. टेबल धरून उपयोग नाही. बुफेत ज्याला जेव्हा जमेल तेव्हा.

चौथी, परतीचा समुद्र. बाबांचा केक त्याच रात्री. टेबल हवंच हवं.

म्हणजे आम्ही चार रात्रींच्या वेळांवरून भांडत होतो आणि प्रश्न दोनच रात्रींचा आहे! दिरांना फोन केला. ते म्हणाले, "मग मीच बरोबर, बांधून घ्यायचं नाही." आमचे हे म्हणाले, "मग मीच बरोबर, टेबल धरायचं." दोघेही खूश.

आता या दोन रात्रींची वेळ कोणती? आणि शोचं कसं बसवायचं?

नीरफणस

चारपैकी दोनच रात्री हॉलमध्ये जाणार असाल तर माझी आठची शिफारस मागे घेतो. सात रात्रींची सफर असती आणि त्यात समुद्रातले दिवस जास्त असते तर घेतली नसती.

हर्णैकर_भाऊ

शो आधी धरा, जेवण नंतर. मोठ्या जहाजांवर मुख्य खेळ एका संध्याकाळी बहुतेक दोनदा असतो, एक सातच्या सुमारास आणि दुसरा नऊच्या. काही जहाजांवर त्यालाही जागा धरावी लागते. डायनिंग हॉलमध्ये नऊ माणसांचं जेवण दीड तासाच्या आत उरकत नाही, मुलं असली तर गोड येईपर्यंत त्यांचा धीर सुटतो. नऊचा शो बघायचा असेल तर सातला टेबल. सातचा बघायचा असेल तर साडेआठला टेबल, पण ते बाबांना उशिरा.

गॅलीवाला

नऊचा शो आणि सातचं टेबल हेच बरं. सात ही गर्दीची वेळ आहे खरी, पण वेळ त्यासाठीच तर धरायची. पावणेसातला मिळालं तर आणखी चांगलं, रांग लागायच्या आधी बसून घ्याल. बाबांसाठी वेटरला बसताक्षणी सांगा की यांचा पहिला पदार्थ लगेच आणा. तेवढं कुणीही करतं. पावाची टोपली तर आधीच येते, पण साखर सांभाळायची असेल तर तिला हात लावू देऊ नका.

सिंगापूरला सूर्य वर्षभर सातच्या सुमारास मावळतो. पहिल्या रात्री पोरांना डेकवरून सूर्यास्त बघायचा असेल तर त्या दिवशी सव्वासात घ्या.

काजूगर

शेवटच्या रात्री नटून जायचं असतं ना? बाबांना सूट वगैरे लागेल का?

वेंगुर्ल्याची_आत्या

सूट कशाला, धोतर-कोट घालूदे. मी फोटो बघितलेत, बायका पैठण्या नेसून जातात.

गॅलीवाला

नटायची रात्र कोणती ते जहाजाच्या कार्यक्रमात लिहिलेलं असतं, ती शेवटचीच असते असं नाही. चार रात्रींत बहुधा एकच. आपला पारंपरिक वेश सगळीकडे चालतो, उलट आमचे फोटोवाले धावत येतात. फक्त त्या रात्री हॉल जास्त भरतो. ती तुमच्या दोन रात्रींपैकी असेल तर तिची वेळ आधी धरा, दुसरीची नंतर.

आणि शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. ज्या कपड्यांत जेवणार ते आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत राहू द्या.

सागरवेळा

धरलं! म्हणजे अर्धं धरलं. पहिल्या रात्री सव्वासात मिळाली. चौथ्या रात्रीसाठी सात टाकलं तर अ‍ॅप नऊ माणसं एकत्र घेतच नाहीये, "उपलब्ध नाही" म्हणतंय. पाच आणि चार असे वेगळे टाकले तर दोन्हीला सात मिळतेय. बुकिंग नंबर जोडायला एजंटला सांगितलंय, तो "होऊन जाईल मॅडम" म्हणाला. म्हणजे पुन्हा दोन दिवसांनी विचारावं लागणार.

पाच-चार असंच ठेवू का? केकचं कुठे सांगायचं?

गॅलीवाला

ठेवा. सात हातातून सोडू नका. दोन्ही वेळा एकाच मिनिटाच्या आहेत ना, तेवढं बघा. नंबर जोडून झाले की पुन्हा एकदा नऊचं टाकून बघा. तरी नाही झालं तर जहाजावर चढल्यावर पहिल्या दुपारी डायनिंग हॉलच्या दाराशी एक टेबल मांडून मेत्र डी, म्हणजे डायनिंग हॉलचा प्रमुख, किंवा त्याचा माणूस बसलेला असतो, बदल करायला. बुफेत जेवत बसायच्या आधी तिथे जा, कारण पोटभर जेवून सगळं जहाज मग तिथेच येतं. त्याला सांगा: चौथी रात्र, पाच आणि चार, एकत्र करून एकच मोठं टेबल, पंचाहत्तरी आहे. केकही त्यालाच सांगा, आणि अंड्याशिवायचा हवा हे तेव्हाच सांगा, कारण तो वेगळा करावा लागतो आणि आयत्या वेळी मिळत नाही.

नंबर जोडल्याचा कागद किंवा मेल मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. समुद्रात गेल्यावर एजंटचा फोन लागत नाही.